न्यूयॉर्कमध्ये लॉटरीचं भाड्याचं घर: लॉग नंबर लागला, कागदपत्रांचं कसं करू?

आरती_एल्महर्स्ट | १८ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथले बरेच जण न्यूयॉर्क परिसरात आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही तिघं: मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. एल्महर्स्टमध्ये एका दोन मजली घराच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्याने राहतोय. एकच बेडरूम आहे. मुलगा हॉलमध्ये गादीवर झोपतो आणि रोज सकाळी शाळेच्या आधी गादी गुंडाळून कपाटामागे उभी करतो. भाडं २,३५० डॉलर. मागच्या आठवड्यात मालकांनी जिन्यात गाठून सांगितलं, जानेवारीपासून २,७०० द्या.

दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने शहराच्या हाउसिंग कनेक्टवर (परवडणाऱ्या घरांच्या लॉटरीची वेबसाइट) नाव नोंदवायला लावलं होतं. तेव्हापासून ४३ लॉटऱ्यांचे अर्ज भरले. बहुतेकांचं काहीच कळलं नाही. आता एका इमारतीकडून निरोप आलाय की तुमच्या लॉग नंबरापर्यंत (लॉटरीतल्या क्रमांकापर्यंत) आम्ही पोचलो आहोत, १० कामकाजाच्या दिवसांत कागदपत्रं अपलोड करा. दोन बेडरूमचं घर, भाडं २,०१०. जाहिरातीत तिघांच्या कुटुंबासाठी उत्पन्न ६८,९१५ ते ८७,४८० दिलंय.

नवरा औषधांच्या दुकानात टेक्निशियन आहे, तासाला २६ डॉलर, आठवड्याला ४० तास. मी पाळणाघरात २५ तास काम करते, तासाला २० डॉलर. दोन्ही मिळून ८०,०८० होतात. अडचण दोन ठिकाणी आहे. सप्टेंबरपासून फ्लूच्या लशींमुळे नवऱ्याला आठवड्याला ८ तास ओव्हरटाइम मिळाला, आणि मागितलेल्या शेवटच्या सहाही पे स्टबवर (पगाराच्या पावत्यांवर) तो दिसतोय. दुसरं म्हणजे मी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. त्याचे पैसे झेलने (थेट बँक खात्यात) येतात, त्यामुळे बँकेच्या स्टेटमेंटवर ओळीने २५, ४०, २५, ६० अशा रकमा आहेत आणि पुढे 'चकली २', 'करंजी' असं लिहिलेलं आहे. गेल्या वर्षीचं आमच्या टॅक्सवाल्यांनी शेड्यूल सी मध्ये (स्वतःच्या धंद्याच्या टॅक्स फॉर्ममध्ये) दाखवलं होतं, खर्च वजा जाता १,१४० डॉलर.

पोटात गोळा आलाय. कुणी या टप्प्यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

नाना_वुडसाईडकर | १८ नोव्हेंबर २०२५

आरतीताई, अभिनंदन आधी. बोलावणं येणं हीच मोठी गोष्ट आहे. आता हातातली सगळी कामं बाजूला ठेवा आणि हा हिशेब कागदावर मांडा.

फाइल तपासणारा माणूस पे स्टब बघतो आणि त्यावरून वर्षाचं उत्पन्न काढतो. तुमच्या यजमानांचा आठवड्याचा पगार २६ गुणिले ४०, म्हणजे १,०४०. ओव्हरटाइम दीडपट दराने, ३९ गुणिले ८, म्हणजे ३१२. एकूण १,३५२. याला ५२ ने गुणलं की ७०,३०४. त्यात तुमचे २६,००० आणि फराळाचे १,१४० मिळवा. ९७,४४४ होतात. मर्यादा ८७,४८०. झालं, तुम्ही बाहेर.

आता खरी परिस्थिती बघा. ओव्हरटाइम दहा आठवडेच झाला असेल तर त्याचे ३,१२० डॉलर. मग बेरीज ८४,३४०, तुम्ही आत. घर तेच, माणसं तीच. फरक पडतो तो ओव्हरटाइम हंगामी आहे हे कागदावर सिद्ध होतं की नाही याने.

त्यासाठी दोन गोष्टी लगेच करा. पहिली, दुकानाच्या मॅनेजरकडून लेटरहेडवर पत्र घ्या. नेहमीचे तास किती, दर किती, ओव्हरटाइम कुठल्या तारखेला सुरू झाला आणि कुठल्या तारखेला संपला, पुढे अपेक्षित आहे की नाही, एवढं त्यात हवं. मॅनेजरचं नाव, सही आणि फोनही हवा. दुसरी, पे स्टबवर उजवीकडे 'इयर टू डेट'चा रकाना असतो तो बघा. जानेवारीपासून आजपर्यंतची कमाई तिथे छापलेली असते. ४६ आठवडे झाले असतील तर ती ५०,९६० च्या आसपास असायला हवी. तिला ४६ ने भागून ५२ ने गुणलं की ५७,६०० होतात, ७०,३०० नाही. हा हिशेब स्वतः टाइप करून फाइलच्या अगदी वर लावा. तपासणाऱ्याला शोधायला लावू नका.

एवढं पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. आमचंही एकदा असंच झालं. बायको नर्सिंग होममध्ये होती, कोणीतरी रजेवर गेलं म्हणून दोन महिने जादा पाळ्या केल्या. त्या दोन महिन्यांचं वर्ष करून आम्हाला 'उत्पन्न जास्त' म्हणून नाकारलं. पत्राच्या तळाशी अपील करता येईल असं लिहिलं होतं, १० कामकाजाच्या दिवसांत. मी ते वाचलं तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. पुढचं बोलावणं यायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं! मुलगी त्या काळात आठवीतून अकरावीत गेली.

---

फाइलवाली_मावशी | १९ नोव्हेंबर २०२५

नाना अगदी बरोबर. मी शनिवार-रविवार ओळखीच्या कुटुंबांच्या फायली लावून देते, त्यामुळे आपल्या लोकांचं नेमकं कुठे अडतं ते सांगते.

नावं! आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, डब्ल्यू-२ वर (पगाराच्या वार्षिक दाखल्यावर) सासरचं, बँकेत नुसतं पहिलं आणि आडनाव. समोरच्याला वाटतं ही तीन माणसं आहेत. म्हणून लग्नाचा दाखला लावा, आणि त्यासोबत 'या तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच' असं सही केलेलं एक पान. नोटरी करून घेतलं तर उत्तम. दुसरी अडचण जन्मदाखल्याची. आपल्या पिढीतल्या अनेकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, आईवडिलांचं असतं आणि नावाची जागा कोरी. अशा वेळी पासपोर्टची प्रत जोडा.

बाकी कागद: सगळ्या मोठ्या माणसांचे शेवटचे सहा सलग पे स्टब (एकही मधला गाळायचा नाही), मागच्या वर्षीचा १०४० (टॅक्स रिटर्न) सगळ्या पानांसकट आणि डब्ल्यू-२, बँकेची स्टेटमेंट, आत्ताचं लीज, भाडं भरल्याचे पुरावे, विजेचं बिल, मुलाच्या शाळेचं पत्र. स्टेटमेंटचं शेवटचं पान कोरं असलं तरी तेही द्या. 'पान ४ पैकी ४' नसेल तर फाइल परत येते, हे मी स्वतः पाहिलंय.

फराळाच्या झेलबद्दल घाबरू नका, आणि लपवायचं तर मनातही आणू नका. एक तक्ता करा: तारीख, रक्कम, कशाची ऑर्डर. शेजारी सामानाचा खर्च, भाजणी, तेल, डबे, जे काही असेल ते. स्वतःच्या धंद्यात खर्च वजा जाऊन उरतं ते उत्पन्न धरतात. गेल्या वर्षीचा शेड्यूल सी आहे म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे. ज्यांनी टॅक्समध्ये दाखवलेलंच नसतं त्यांची खरी पंचाईत होते.

आणि पुण्या-मुंबईला फ्लॅट असेल, त्याचं भाडं येत असेल, तर तेही सांगायचं. 'तिकडचं इकडे कुठे कळणार' असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. अर्जावर सही तुमची असते.

---

जर्सीचा_पक्या | १९ नोव्हेंबर २०२५

मी जर्सी सिटीत राहतो, नोकरी मॅनहॅटनमध्ये. मला भरता येईल का अर्ज? एच-१बी वर आहे, बायको एच-४ वर, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही.

---

नाना_वुडसाईडकर | १९ नोव्हेंबर २०२५

पक्या, भरता येतो. पण शहरात राहणाऱ्यांना आधी घेतात, बाहेरच्यांचा नंबर त्यांच्यानंतर. एवढ्या अर्जांत तिथवर क्वचितच पोचतं. शहरात यायचं ठरवत असशील तर आधी ये, मग भर.

व्हिसाचं म्हणशील तर या लॉटरीसाठी नागरिक असावं लागत नाही. घरातल्या प्रत्येकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर हवा अशीही अट नाही. सरकारी वसाहतीतलं घर आणि सेक्शन ८ चं (भाड्याला मदत देणारं) व्हाउचर यांचे नियम वेगळे, ते केंद्र सरकारच्या पैशाचं आहे. तुझा ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आपल्या वकिलाला एकदा विचारून घे. मी वकील नाही.

---

मृदुला_ब्रुकलिन | १९ नोव्हेंबर २०२५

मला अगदी प्राथमिक प्रश्न आहे. लॉटरी उघडली त्याच दिवशी अर्ज केला तर नंबर लवकर लागतो का? माझी एक मैत्रीण रात्री बारा वाजता बसून भरते.

---

फाइलवाली_मावशी | २० नोव्हेंबर २०२५

नाही हो. मुदत संपल्यावर सगळे अर्ज एकत्र करून संगणक त्यांना यादृच्छिक क्रम देतो. तोच लॉग नंबर. पहिल्या दिवशीचा अर्ज आणि शेवटच्या दिवशीचा अर्ज सारखेच. मैत्रिणीला म्हणावं, झोप.

मात्र एका लॉटरीला एका कुटुंबाचा एकच अर्ज. नवऱ्याने एक, बायकोने एक, शिवाय एक कागदी टपालाने, असं केलं तर बाद होतं. आणि घरातली माणसं मोजताना खरोखर राहणारी मोजा. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतात म्हणून चार लिहून मोठं घर मागू नका. अर्ज भरून विसरूनही जाऊ नका. पगार बदलला, बाळ झालं, पत्ता बदलला की प्रोफाइल बदला. मेल स्पॅममध्ये जातो, म्हणून आठवड्यातून एकदा खात्यात शिरून बघा. माझ्या ओळखीत एका कुटुंबाचं बोलावणं जुन्या ईमेलवर गेलं आणि तिथेच संपलं.

---

सुमन_जॅक्सनहाइट्स | २० नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचं वाचते आहे. आरती, तुला घर मिळावं असं मनापासून वाटतं.

पण माझंही थोडं ऐका. मी ५२ वर्षांची आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी कॉलेजात. वर्षाचे ३६,००० होतात. मी लॉटऱ्या बघते तेव्हा पानंच्या पानं अशी घरं दिसतात की दोघांचं उत्पन्न १,६८,००० पर्यंत चालेल, एक बेडरूमचं भाडं ३,००० च्या पुढे. जाहिरातीवर मात्र 'परवडणारं घर' असंच छापलेलं. हे कोणाला परवडणारं? ज्यांना ३,००० देता येतात त्यांना बाजारात तरी घर मिळतं. माझ्या ऐपतीचं घर वर्षातून दोनदा दिसतं, त्यातही पाच-सहाच घरं. रात्री मोबाइलवर बघत बसते आणि मग बंद करते.

---

विश्राम_पी | २० नोव्हेंबर २०२५

सुमनताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी इथे नगररचनेचं काम करतो, म्हणून या १,६८,००० मागची गोष्ट सांगतो.

सगळं मोजमाप 'एरिया मीडियन इन्कम', म्हणजे परिसरातल्या कुटुंबांचं मधलं उत्पन्न, या आकड्यावर चालतं. २०२५ साठी न्यूयॉर्कमध्ये तिघांच्या कुटुंबाचा १०० टक्क्यांचा आकडा १,४५,८०० आहे. आरतीताईंची ८७,४८० ही मर्यादा म्हणजे त्याचे ६० टक्के. त्याचं ३० टक्के भाडं काढलं तर महिन्याला २,१८७ येतं, त्याच्या आसपास ६० टक्के गटातल्या दोन बेडरूमचं भाडं असतं. हा आकडा ब्राँक्स किंवा क्वीन्समधल्या साध्या माणसाच्या कमाईपेक्षा खूप वर आहे.

तुम्ही बघता ते १,६८,००० म्हणजे दोघांसाठीचे १३० टक्के. ते कुठून आले? बिल्डरांना मालमत्ता करात मोठी सूट देणारा ४२१-ए नावाचा कायदा होता. २०१७ मध्ये तो नव्या रूपात आला तेव्हा त्यात एक पर्याय असा ठेवला की ३० टक्के घरं १३० टक्के गटाला द्या आणि सूट घ्या. ज्या भागात बाजारभावच त्याच्या आसपास, तिथे बिल्डरने काहीच न सोडता सवलत घेतली. तुम्ही जी पानंच्या पानं बघता ती बहुतेक याच पर्यायातली. २०२४ मध्ये आलेल्या ४८५-एक्स कायद्यात मोठ्या इमारतींना परवडणाऱ्या घरांची सरासरी त्याहून बरीच खाली ठेवावी लागते. त्या इमारती उभ्या राहायला अजून वेळ आहे, पण दिशा बदलली हे खरं.

तुम्ही आणि मुलगी दोघी धरून ३० टक्क्यांची मर्यादा ३८,८८० आहे. म्हणजे तुम्ही ३० टक्के गटात बसता आणि त्या गटातल्या एक बेडरूमचं भाडं साधारण ९७० च्या आत राहतं. ती घरं कमी असतात हे मान्य, पण त्यांना अर्ज करायला सोडू नका. ज्या इमारतीत २० घरं १३० टक्क्यांची, तिथेही कोपऱ्यात चार घरं ३० टक्क्यांची असू शकतात. जाहिरातीतला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

---

सुमन_जॅक्सनहाइट्स | २० नोव्हेंबर २०२५

हे मला कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. मी पहिलं भाडं बघून पान बंद करत होते.

---

मृदुला_ब्रुकलिन | २१ नोव्हेंबर २०२५

पण एवढे अर्ज येतात तरी किती? शक्यता काय धरायची?

---

विश्राम_पी | २१ नोव्हेंबर २०२५

लाँग आयलंड सिटीत हंटर्स पॉइंट साउथच्या पहिल्या दोन इमारती झाल्या तेव्हा ९२५ घरांसाठी ९२,००० च्या वर अर्ज आले होते. शंभराला एक. २०२४ च्या जूनमध्ये सेक्शन ८ ची प्रतीक्षा यादी जवळजवळ १५ वर्षांनी आठवडाभर उघडली, तेव्हा ६ लाखांच्या वर कुटुंबांनी नाव टाकलं आणि त्यातून २ लाख चिठ्ठीने यादीत घेतली. २०२३ च्या पाहणीत शहरातली रिकामी भाड्याची घरं १.४१ टक्के निघाली, १९६८ नंतरचा सर्वांत कमी आकडा. १,१०० डॉलरच्या आतली घरं बघितली तर रिकामी अर्धा टक्काही नाहीत. सुमनताईंना रात्री मोबाइलवर काही दिसत नाही ते यामुळे.

एक गोष्ट शक्यता थोडी वाढवते. इमारत ज्या कम्युनिटी बोर्डाच्या (शहरातल्या स्थानिक विभागाच्या) हद्दीत आहे तिथल्या रहिवाशांसाठी काही घरं आधी ठेवतात. पूर्वी निम्मी ठेवत. त्यावर २०१५ मध्ये खटला झाला. म्हणणं असं की यामुळे गोऱ्यांची वस्ती गोरीच राहते आणि काळ्यांची काळीच. २०२४ च्या जानेवारीत तडजोड झाली, आता २० टक्के, २०२९ नंतर १५ टक्के. मला स्वतःला हा निर्णय योग्य वाटतो.

---

नाना_वुडसाईडकर | २१ नोव्हेंबर २०२५

विश्राम, इथे मी तुझ्याशी सहमत नाही. आमच्या बोर्डात २० वर्षं राहिलेला माणूस नव्या इमारतीचा धुरळा खातो, भोवतालची भाडी वाढली की तोच आधी उठतो, आणि घर वाटायच्या वेळी तो रांगेत सगळ्यांच्या मागे? माझी मुलगी इथल्या शाळेत शिकली, आईला डॉक्टर चालत्या अंतरावर. निम्मी घरं आमची असायला हवी होती असं मला आजही वाटतं. खटला करणाऱ्यांचं दुःखही खोटं नाही, हे कबूल.

---

भांडुपची_शाल्मली | २१ नोव्हेंबर २०२५

मुंबईतून वाचतेय. आपल्याकडे लॉटरी म्हटलं की म्हाडा, पण ते घर विकत घ्यायचं. मुंबई मंडळाच्या सोडतीत २०२३ ला ४,०८२ घरं होती, २०२४ ला २,०३०. अर्ज दोन्ही वेळा लाखाच्या वर. अनामत भरायची, नाव लागलं की बँकेकडे पळायचं. कर्ज मिळालं नाही तर नाव लागूनही घर जातं. भाड्याने राहणाऱ्याला मात्र असं काहीच नाही. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, प्रत्येक वेळी दलाली, आणि टेम्पो. माझ्या मुलाने दहा वर्षांत सहा घरं बदलली. भाड्याच्या घरासाठी शहर सोडत काढतं आणि नंतर काढून टाकत नाही, हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. नंतर भाडं किती वाढवतात तेही लिहा ना कोणीतरी.

---

नाना_वुडसाईडकर | २२ नोव्हेंबर २०२५

शाल्मलीताई, यातली बहुतेक घरं 'रेंट स्टॅबिलाइज्ड' असतात. वाढ मालक ठरवत नाही, शहराचं रेंट गाइडलाइन्स बोर्ड दरवर्षी ठरवतं. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या लीजला एका वर्षासाठी ३ टक्के, दोन वर्षांसाठी ४.५ टक्के. त्याआधीच्या वर्षी २.७५ आणि ५.२५ होती. लीज वाढवून मिळणं हा भाडेकरूचा हक्क. पुढे पगार वाढला म्हणून लगेच कोणी 'निघा' म्हणत नाही. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, दलाली शून्य. मी दर दोन वर्षांनी सही करतो तेव्हा हात जोडतो, खरंच.

आणि आरतीताई, तुमच्या मालकांनी जिन्यात सांगितलेली वाढ विसरू नका. ५ टक्क्यांच्या वर भाडं वाढवायचं असेल आणि तुम्ही दोन वर्षांहून जास्त राहत असाल तर ९० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. २,३५० चे २,७०० म्हणजे जवळजवळ १५ टक्के. तोंडी सांगणं चालत नाही. २०२४ च्या गुड कॉज कायद्याचं (विनाकारण घर सोडायला लावणं आणि अवाजवी भाडेवाढ यांविरुद्धचं) संरक्षण मात्र तुम्हाला बहुधा नाही. मालकांची सगळी मिळून दहा किंवा त्याहून कमी घरं असतील तर ते त्यातून सुटतात. भांडू नका, फक्त 'लेखी द्या' असं नम्रपणे मेसेज करून ठेवा. फाइल मार्गी लागेपर्यंत तेवढे दिवस हातात राहतात.

---

आरती_एल्महर्स्ट | २३ नोव्हेंबर २०२५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मॅनेजरने पत्र दिलं, तारखांसकट. यजमानांच्या स्टबवर वर्षाचा आकडा ५०,९६० च निघाला, नानांनी सांगितला तोच! काल रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले होते, मुलाने विचारलं हे कसले पत्ते खेळताय.

एक काळजीची गोष्ट. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लॉग नंबर आल्याचं लिहिलं होतं. तिथून एकाचा मेसेज आला, ५०० डॉलर द्या, आतला माणूस ओळखीचा आहे, फाइल वर घेतो. खरं असू शकतं का?

---

फाइलवाली_मावशी | २३ नोव्हेंबर २०२५

अजिबात नाही! ब्लॉक करा, आणि ग्रुपवरही सावध करा. अर्जाला पैसे लागत नाहीत. पुढच्या टप्प्यावर क्रेडिट तपासणीचे थोडे डॉलर घेऊ शकतात, ते इमारतीच्या एजंटकडून अधिकृत पत्र आल्यावरच. तेही टाळता येतं, मागच्या १२ महिन्यांचं भाडं वेळेवर भरल्याचे पुरावे दिले की क्रेडिट तपासणीऐवजी ते चालतात. तुम्ही मालकांना चेकने देता की रोख? रोख देत असाल तर आजपासून बंद करा.

कोणाला अर्ज भरायला माणूस हवा असेल तर शहराचे 'हाउसिंग ॲम्बॅसडर' आहेत, वेगवेगळ्या संस्थांमध्ये बसतात, मदत फुकट करतात. सुमनताई, हे खास तुमच्यासाठी लिहिलंय.

---

आरती_एल्महर्स्ट | १४ जानेवारी २०२६

मंडळी, नाकारलं. 'उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त, ९७,४४४.' नानांनी पहिल्या दिवशी काढलेला तोच आकडा, डॉलर ना डॉलर. पत्र लावलं होतं, हिशेब लावला होता, तरी सहा स्टबांना ५२ ने गुणलं. दुपारी पाळणाघरात पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

---

नाना_वुडसाईडकर | १४ जानेवारी २०२६

रडून झालं असेल तर आता बसा. पत्राची तारीख काय? तिथून १० कामकाजाचे दिवस मोजा आणि कॅलेंडरवर लाल खूण करा. आता तुमच्याकडे नोव्हेंबरात नव्हती अशी एक गोष्ट आहे: डिसेंबर आणि जानेवारीचे स्टब. त्यावर ओव्हरटाइम नाही ना? आणि २०२५ चा शेवटचा स्टब, ज्यावर पूर्ण वर्षाची कमाई छापलेली असते. तो एकच कागद अख्ख्या वादाचा निकाल लावतो. अपील अर्ध्या पानाचं लिहा. रागाचा एक शब्द नको.

---

आरती_एल्महर्स्ट | १५ जानेवारी २०२६

पत्र १२ तारखेचं आहे. वर्षाचा शेवटचा स्टब सापडला: ५७,२००. त्यात माझे २६,००० आणि १,१४० मिळवले की ८४,३४०. अपील आज रात्रीच अपलोड केलं, पोच मिळाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

---

आरती_एल्महर्स्ट | १९ फेब्रुवारी २०२६

अपील मान्य झालं. फाइल शहराच्या अंतिम तपासणीला गेली आहे. लीजवर अजून सही नाही, त्यामुळे पेढे वाटत नाही. पण काल घर दाखवलं. सहावा मजला. मुलगा छोट्या खोलीत गेला, भिंतीला पाठ लावून बसला आणि म्हणाला, माझी गादी इथे उघडीच राहील ना? स्वयंपाकघराला खिडकी आहे. चकलीच्या तेलाचा वास आता मालकांच्या जिन्यात जाणार नाही.

मालकांनी डिसेंबरात लेखी नोटीस दिली, ९० दिवस मार्चमध्ये संपतात. तेवढ्यात झालं तर देव पावला, नाही तर एक-दोन महिने २,७०० भरू.

---

सुमन_जॅक्सनहाइट्स | १९ फेब्रुवारी २०२६

आरती, डोळ्यांत पाणी आलं ग. मी नोव्हेंबरपासून अकरा अर्ज केले, सगळे ३० टक्क्यांचे. काल एका ठिकाणाहून कागद मागवलेत. माझे सहा स्टब दोन वेगवेगळ्या एजन्सींचे आहेत, आणि पासपोर्टवर माहेरचं नाव.

---

आरती_एल्महर्स्ट | १९ फेब्रुवारी २०२६

सुमनताई, शनिवारी दुपारी २ वाजता जॅक्सन हाइट्सच्या लायब्ररीत या. दोन एजन्सी असतील तर दोघींचीही पत्रं आणि दोन्हींचे सहा-सहा स्टब लागतील, त्या दोघींना आजच फोन करून ठेवा. लग्नाचा दाखला आणा, नावांच्या पानाचा माझा मजकूर मी घेऊन येते, फक्त नाव बदलायचं. पंच, स्टेपलर, पिवळ्या चिठ्ठ्या सगळं माझ्याकडे आहे. मावशीही येते म्हणाली आहे.